महागाईबरोबर मजुरी आपोआप वाढवायची, तर आकडा कुठला धरायचा?

काजूगर (वेंगुर्ला तालुका)

मंडळी, प्रश्न माझ्या कारखान्याचा आहे, पण कोकणात दहा-वीस माणसं कामाला ठेवणाऱ्या कुणालाही लागू पडावा. उत्तर देताना "मालक असेच" किंवा "कामगार असेच" एवढंच लिहायचं असेल तर नका लिहू. ते दोन्ही मला घरबसल्या ऐकायला मिळतं, बायको कामगारांच्या बाजूने आणि वडील मालकाच्या.

वडिलांनी सुरू केलेला लहान काजू कारखाना आहे. बी वाळवायची, बॉयलरला वाफवायची, हाता-पायाने चालणाऱ्या मशिनवर फोडायची, गर ड्रायरला लावायचा, मग सोलणी आणि प्रतवारी. कामाला बहुतेक बायका, आजूबाजूच्या वाड्यांतल्या. फोडणी आणि सोलणी किलोवर, प्रतवारी आणि वरकड कामं हजेरीवर. सरकारी किमान वेतनाच्या खाली कुणाचा हिशोब जात नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर पहिल्या उत्तरापासून त्यावरच सुरू व्हाल.

मजुरी वाढवायची आमची पद्धत अशी: शिमगा सरला, नवी बी यायला लागली की एका सकाळी सगळ्या ओटीवर जमायच्या. त्या एक आकडा बोलणार, बाबा दुसरा बोलणार, आणि चहा संपेपर्यंत मधला कुठला तरी ठरणार. बी महाग असली की बाबांचा चेहराच असा असायचा की बायका स्वतःच आकडा खाली घेऊन यायच्या. गेली काही वर्षं ही बैठक माझ्याकडे आली आहे, आणि माझ्याकडे तो चेहरा नाही.

यंदा प्रतवारीच्या टेबलावरच्या मावशी बोलल्या. बाबांच्या वेळेपासून आहेत. म्हणाल्या, "भाऊ, गेल्या वर्षाक पंधरा रुपये वाडवलात, त्याच्या आदल्या वर्षाक कायच नाय, आता धा म्हनतास. ह्यां ठरवता कोण? सरकारी नोकरांचो डीए आपसूक वाडता. आमी दर वर्षी तुमच्याफुडे तोंड वेंगाडूचा काय?"

मला ते पटलं. सूत्र ठरवून टाकू, महागाई वाढेल तेवढी मजुरी आपोआप वाढेल, बैठक बंद. वकील म्हणाला, करारात लिहून टाक. पण लिहायला बसलो आणि अडकलो.

फोडणी करताना टरफलातलं तेल हाताला लागतं. ते नुसतं चिकट नसतं, कातडी जाळतं, बोटांची टोकं काळी पडून सोलवटतात. म्हणून मशिनवर बसण्याआधी बायका हाताला खोबरेल चोळतात, मध्ये मध्ये परत चोळतात. हातमोजे आणून दिले होते, ते खिळ्याला लटकलेले आहेत. मोज्यातून बी हाताला कळत नाही म्हणतात, आणि बी नीट धरली नाही तर पातं गरातून जातं, अख्ख्याची पाकळी होते. ते खोबरेल कारखान्यातून जातं, म्हणजे बिल माझ्या वहीत आहे. २०२५ च्या पावसाळ्यापर्यंत ते वर्षभरात दुपटीच्या आसपास गेलं होतं. नारळाचं तेच. आणि त्याच जूनचा औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक (महागाई मोजायचा सरकारी आकडा) उघडून बघितला तर वर्षाची वाढ २.५५ टक्के!

ज्या घरात रोजच्या कालवणाला नारळ लागतो, त्या घराला मी अडीच टक्के महागाई कशी सांगू? मावशी वाटपाची कवड (अर्धा नारळ) मोजून वापरतात आणि मी त्यांना शिमल्याच्या सरकारी कचेरीतून आलेला आकडा दाखवायचा?

तर प्रश्न असे. निर्देशांक कुठला धरावा? वाढ टक्क्यात द्यावी की सगळ्यांना सारखे रुपये? वर्षातून एकदा की दोनदा? किलोवरच्या कामाला हे कसं लावायचं? आणि गराचा भाव पडला त्या वर्षी मी काय करायचं, कारण माझा धंदा काही निर्देशांकावर चालत नाही. आफ्रिकेतली बी बंदरात कुठल्या भावाने उतरली त्यावर चालतो.

लाल_शाई (रत्नागिरी)

कामगार खात्यात नोकरी झाली. हुद्दा विचारू नये.

आधी एक गोष्ट. तुम्ही नवीन काही शोधून काढत नाही आहात. आपल्या राज्यात किमान वेतनाचे दोन तुकडे असतात, मूळ वेतन आणि विशेष भत्ता. हा विशेष भत्ता म्हणजेच महागाईला बांधलेला भाग. दर १ जानेवारी आणि १ जुलैला तो बदलतो, मागच्या सहा महिन्यांच्या निर्देशांकाची सरासरी काढून. केंद्राच्या अखत्यारीतल्या कामांना हेच १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला होतं. म्हणजे तुमच्या मावशींचा डीए कायद्यात आहेच. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातच राहणीमान भत्त्याची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ती आहे, आणि आता अनुसूचीतला (सरकारी यादीतला) धंदा की बाहेरचा हा भेद राहिलेला नाही.

मेख मूळ वेतनात आहे. ते पाच वर्षांच्या आत फेरविचाराला घ्यायचं असतं. भत्ता सहा महिन्यांनी हलतो, मूळ वेतन वर्षानुवर्षं जागचं हलत नाही. भत्ता एवढंच बघतो की ठरलेल्या दिवशी जेवढं विकत येत होतं तेवढं आजही यावं. ठरलेल्या दिवशी ते पुरेसं होतं का, हे तो बघत नाही. पुरेसं म्हणजे किती, याचं माप १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत ठरलं: एका कमावत्यामागे तीन खाती माणसं, प्रत्येकी २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेला २० टक्के. पुढे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण, लग्नकार्य यासाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. एकदा हे माप तुमच्या गावच्या भावाने मांडून बघा. भत्त्याबद्दलचे निम्मे वाद तिथेच मिटतात, किंवा तिथेच पेटतात.

रुपये की टक्के: आपल्याकडे विशेष भत्ता कुशल, अर्धकुशल, अकुशल सगळ्यांना सारख्याच रुपयांत मिळतो. दुकाने व व्यापारी आस्थापनांचे २०१९ चे दर घ्या. पहिल्या परिमंडळात अकुशलला मूळ १०,०२१, कुशलला ११,६३२. फरक १,६११ रुपये, म्हणजे १६ टक्के. त्यावर भत्ता दोघांना सारखा चढत गेला. फरक १,६११ च राहिला, पण एकूण पगाराच्या मानाने तो दर सहा महिन्यांनी आक्रसत गेला. तुमच्याकडे वरकड कामाला ५२० हजेरी आणि प्रतवारीला ६२० असेल, आणि तुम्ही पाच टक्के म्हणून दोघींना २६ रुपये दिलेत, तर प्रतवारीवालीला वाढ ४.२ टक्केच मिळाली. दहा वर्षांनी तुम्ही विचारणार, प्रतवारी शिकायला कुणी का येत नाही.

निर्देशांकाचं सविस्तर नंतर लिहितो. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली.

तारकर्ली_न्याहारी

काजूगर, भावा, मी सांगतो ते ऐक आणि कागदावर सही करू नकोस. आमची न्याहारी-निवास आहे, मे महिन्यात खोली मिळत नाही आणि जुलैत कुत्रं फिरकत नाही. पावसात बोटिंग बंद, स्कूबा बंद, पण दोन पोरं आणि जेवण करणारी वहिनी बारा महिने पगारावर आहेत, कारण सोडली तर दिवाळीत परत मिळत नाहीत, गोव्याला जातात. आता मी लिहून दिलं की महागाईइतकी वाढ, तर महागाई वाढणार पावसात (भाजी तेव्हाच महागते) आणि माझं गिऱ्हाईक येणार डिसेंबरात. खोलीचा दर मला वाढवता येत नाही, शेजारचा वाढवत नाही म्हणून. ज्याचं उत्पन्न निर्देशांकाला बांधलेलं नाही त्याने खर्च बांधून घेऊ नये. सरकारचं ठीक आहे, त्यांच्याकडे कर आहे.

आणि वाढ मी देतोच. न मागता देतो. पण माझ्या सवडीने.

कुळीथपिठी (सावंतवाडी)

"माझ्या सवडीने" हे दोन शब्द टंकून मग परत वाचले असते तर मावशी काय म्हणत होत्या ते कळलं असतं. असो.

माझी आई वीसेक वर्षं काजू सोलायला जायची, म्हणून हा धागा उघडला. निर्देशांक, टक्के, सरासरी सगळं ठीक आहे, पण काजूगर, तुम्ही किलोवरच्या कामाबद्दल शेवटी एक ओळ लिहिलीत आणि खरी गंमत तिथेच आहे. तुमच्याकडे बी कुठली येते? हंगामात गावची, आणि ती संपली की आफ्रिकेची, बरोबर? वेंगुर्ला-७ जातीची बी साधारण दहा ग्रॅमची, म्हणजे किलोत शंभर. आफ्रिकेची बी बारीक, किलोत एकशे ऐंशी-दोनशे बसतात. मशिनवर बसलेल्या बाईला प्रत्येक बीमागे एकदा हात ओढायचा आणि एकदा पाय दाबायचा. गावच्या बीला शंभर वेळा, आफ्रिकेच्या बीला जवळजवळ दुप्पट, आणि दर दोन्हीला किलोला तोच. सोलणीचंही तसंच. बारीक गर सोलताना नखं दुखतात आणि संध्याकाळी तराजूवर आकडा येत नाही. आई घरी आली की आम्ही विचारायचो नाही आज किती, तिने पिशवी ठेवायच्या आवाजावरून कळायचं आज बी कुठली होती.

तुम्ही किलोचा दर महागाईला बांधाल. समजा, पाच टक्के वाढवाल. आणि पुढच्या महिन्यात बारीक बीचा लॉट आला की तिची दिवसाची कमाई एवढी खाली येईल की पाच टक्के कुठल्या कुठे गेले. निर्देशांक बोलणार महागाई भरून निघाली. बाई म्हणणार, कुठे?

काजूगर

कुळीथपिठी, हे मला माहीत असायला हवं तेवढं माहीत आहे, कारण बी विकत घेताना किलोला किती बी बसतात हे आम्ही मोजूनच भाव ठरवतो. बारीक निघाली तर व्यापाऱ्याकडून पैसे कापून घेतो. मजुरीच्या वहीत मात्र तो आकडा कधी आला नाही. बायको हे वाचून नुसती बघते आहे माझ्याकडे.

न्याहारीवाले, तुमचा मुद्दा मी सोडून दिलेला नाही. गराचा भाव दोन वर्षं वर, एक वर्ष खाली, असं आमचंही असतं. पण एक सांगा, भाव चढला त्या वर्षी तुम्ही डिसेंबरची खोली किती वाढवता आणि वहिनींचा पगार किती? मी माझ्या वह्या काढून बघितल्या. भाव चढलेल्या वर्षांत मजुरी फार काही चढलेली दिसत नाही. म्हणून धंद्याचा चढउतार मजुरीला लावायचा तर दोन्ही बाजूंनी लावावा लागेल, आणि खरं सांगतो, ते मलाच परवडायचं नाही.

एक कल्पना मी स्वतः मोडीत काढली, ती सांगतो, दुसऱ्या कुणाचा वेळ जायला नको. म्हटलं, आपलीच गावची टोपली करू. तांदूळ, नारळ, खोबरेल, मासे, गॅस, एसटी. दर सहा महिन्यांनी भाव लिहायचे. टोपली काढायला बसलो प्रतवारीच्या टेबलावर, आणि बांगड्यावरच अर्धा तास गेला. भाव कुठला धरायचा, बंदरावर लिलावाचा की दारात पाटी घेऊन येणारीचा? जून-जुलैला यांत्रिक होड्या बंद, तेव्हाचा भाव धरायचा की नाही? एकीने सांगितलं, पावसात आम्ही सुकाच खातो, सुक्याचा भाव धरा. तांदूळ तर निम्म्या घरचाच आणि बाकी रेशनचा, म्हणजे महागाई शून्य. एसटी २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्क्यांनी महाग झाली, पण बायकांना अर्धं तिकीट. अर्ध्यातही वाढ तेवढ्याच टक्क्यांनी होते, हे समजावताना आणखी वेळ गेला. शेवटी मावशीच म्हणाल्या, "ह्या मापात तुमी म्हनशात एक आनी आमी म्हनू एक." म्हणजे परत बैठकच. आकडा असा हवा की जो त्यांच्या हातात नाही आणि माझ्याही हातात नाही.

लाल_शाई

शेवटचं वाक्य बरोबर. सरकारी आकड्याचा मोठा गुण तोच. आता निर्देशांकाचं.

औद्योगिक कामगारांचा निर्देशांक केंद्राचा श्रम ब्युरो काढतो, दर महिन्याला, पाया २०१६ = १०० (म्हणजे २०१६ चे भाव शंभर धरून), देशातल्या ८८ केंद्रांतून. आपल्या राज्यात मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर अशी केंद्रं आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात एकही नाही. म्हणजे तुमचा बांगडा त्यात मोजला जात नाही, मुंबईचा मोजला जातो.

वजनं बघा, म्हणजे शंभर रुपयांच्या खर्चात कशाला किती धरलेत ते. अन्न व पेयं ३९.१७, पान-सुपारी-तंबाखू २.०७, कपडे-पादत्राणं ६.०८, घर १६.८७, इंधन-दिवाबत्ती ५.५०, बाकी सगळं ३०.३१. शंभरात सतरा रुपये घरभाड्याचे. तुमच्या बायका स्वतःच्या घरात राहतात. कौलं फुटतात, पण भाडं नाही. तर घर काढून टाका आणि बाकीची वजनं त्याच प्रमाणात वाढवा. उरलेले ८३.१३, त्यात अन्न ३९.१७, म्हणजे ४७.१ टक्के. आता सरकारच्याच २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीत ग्रामीण भारताचा अन्नावरचा खर्च किती निघाला? ४७.०४ टक्के. मी निवृत्त झाल्यावर हे गणित केलं, नोकरीत असताना कुणी विचारलं नाही. गटवार आकडे ब्युरो प्रसिद्ध करतो, त्यामुळे घर वगळून निर्देशांक तुम्हाला स्वतःला काढता येईल. दहा मिनिटांचं काम आहे.

पण थांबा, लगेच खूश होऊ नका. अन्नाचं वजन वाढवलं की नेहमीच कामगाराचा फायदा होतो असं नाही. जून २०२५ मध्ये देशाचा अन्नाचा महागाई दर शून्याच्या खाली होता, उणे १.०६. भाजी आणि डाळी उतरल्या होत्या. तुमच्याकडे खोबरेल दुप्पट आणि देशात अन्न स्वस्त, दोन्ही एकाच महिन्यात खरं. त्या महिन्यात घर वगळलेला आकडा नुसत्या निर्देशांकापेक्षा कमीच आला असता.

आणखी एक नमुना. जुलै ते डिसेंबर २०२४ ची सरासरी १४३.५५. जानेवारी ते जून २०२५ ची १४३.५८. म्हणजे सहा महिन्यांची सरासरी धरून चालणाऱ्याला त्या फेरीला वाढ जवळजवळ शून्य. ऑक्टोबर-नोव्हेंबरात निर्देशांक १४४.५ पर्यंत गेला, फेब्रुवारीत १४२.८ वर उतरला, जूनमध्ये १४५.० झाला. मध्ये झालेलं वरखाली सरासरीत गिळलं जातं. म्हणून करारात एक वाक्य ठळक लिहा: निर्देशांक उतरला तरी मजुरी उतरणार नाही. आणि दुसरं: सरकारी किमान वेतन आणि तुमचं सूत्र यांत जे जास्त, ते लागू.

उधाण (सध्या बोटीवर, घर जयगड बाजूला)

सिग्नल मिळाला तेवढ्यात लिहितो.

जेवायला बसलं की जगातल्या सगळ्या देशांचे पगार कळतात, कारण प्रत्येक जण आपला सांगतो. आमच्या इंजिनातला एक फ्रेंच आहे. त्यांच्याकडे किमान वेतन दर १ जानेवारीला बदलतंच, शिवाय किंमती २ टक्के वाढल्या की वर्षाच्या मध्येच आपोआप वाढतं, कुणाची बैठक लागत नाही. आणि निर्देशांक कुणाचा धरतात? सगळ्या देशाचा नाही. सगळ्यात कमी उत्पन्नाच्या वीस टक्के घरांचा, तंबाखू वगळून. लाल शाई साहेबांनी जे गणित निवृत्तीनंतर केलं ते तिथे कायद्यातच आहे. महागाईवर खऱ्या मजुरीत वाढ झाली असेल तर तिचा अर्धा भागही किमान वेतनात धरतात, म्हणजे नुसतं जागच्या जागी उभं राहणं नाही.

उलट अमेरिका. संघराज्याचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, जुलै २००९ पासून तेच. महागाईला बांधलेलं नाही, कायदेमंडळात ठराव झाला तरच वाढणार. त्यातल्या वॉशिंग्टन राज्याने १९९८ मध्ये मतदान घेऊन ते महागाईला बांधलं, २००१ पासून दर वर्षी वाढतं. एकाच देशात दोन्ही.

न्याहारीवाले, रागावू नका, पण सूत्र नसलं की काय होतं त्याला एवढी मोठी उदाहरणं आहेत. आमच्या गावातल्या मासेमारीच्या बोटींवर पगाराऐवजी वाटा असतो, तिथे तुमचं म्हणणं चालतं: मासा मिळाला तर सगळ्यांना मिळाला. पण डिझेल आधी कापतात, आणि डिझेल महाग झालं की खलाशाचाच वाटा आधी बारीक होतो. तिथली पोरं आमच्याकडे जहाजाची शिडी चढायला बघतात ते उगाच नाही.

तारकर्ली_न्याहारी

रागावलो नाही. वहिनींना धागा वाचून दाखवला ही चूक केली, आता त्या निर्देशांक म्हणजे काय ते विचारतायत. काजूगर, तू दोनदा देणार असशील तर मी वर्षातून एकदा, दिवाळीनंतर देईन. तेवढी सवड तरी ठेवा.

कुळीथपिठी

न्याहारीवाले, दिवाळीनंतर चालेल. तारीख लिहून द्या म्हणजे झालं.

लाल शाई काका, सूत्र नीट झालं तरी मूळ आकडा कमी असेल तर कमीच राहणार ना? आईची मजुरी वीस वर्षं वाढतच होती. घराला स्लॅब पडला तो भाऊ गोव्याला लागल्यावर.

लाल_शाई

हो. कमीच राहणार. म्हणून तर पाच वर्षांची फेरतपासणी कायद्यात ठेवली आहे. रोजगार हमीचं उदाहरण घ्या. तिथली मजुरी २०११ मध्ये शेतमजुरांच्या निर्देशांकाला बांधली, आणि ती दर १ एप्रिलला वाढत गेली. महाराष्ट्रात २०२३-२४ ला २७३, पुढच्या वर्षी २९७, २०२५-२६ ला ३१२. वाढ न चुकता झाली. पण ३१२ रुपयांत आमच्या भागात चिरेखाणीवर कुणी घमेलंही उचलणार नाही. शिवाय ज्या निर्देशांकाला ती बांधली तो १९८६-८७ च्या पायाचा, २०२५ मध्ये जाऊन तो २०१९ वर आणला. तोपर्यंत मजूर काय खातो-वापरतो याचा हिशोब चाळीस वर्षांपूर्वीचा. मोबाईलचं रिचार्ज त्यात कुठून येणार?

सूत्राने मूळ आकडा सुधारत नाही. त्यासाठी बोलणीच करावी लागतात. काजूगर, तुमची बैठक बंद होणार नाही, एवढंच होईल की दर वर्षीची पाच वर्षांनी येईल. आणि तेव्हा बोलायला दहा रुपयांपेक्षा मोठा विषय असेल.

काजूगर

सगळ्यांचे आभार. काल टेबलावर बसून जे ठरलं ते टाकतो, कारण धागे असेच अर्धवट सोडले की मला स्वतःलाच राग येतो.

हजेरीवरच्यांना वाढ टक्क्यात, सगळ्यांना एकाच टक्क्याने. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै, सरकारी भत्त्याबरोबर, म्हणजे दोन वेगळ्या तारखा लक्षात ठेवायला नकोत. आकडा औद्योगिक कामगारांचाच, सहा महिन्यांच्या सरासरीचा. घर वगळायचं की नाही यावर चर्चा झाली. मी दोन्ही आकडे काढून ठेवणार आणि जो जास्त तो देणार. बाबा म्हणाले, "दोन्हीकडून तूच का?" मी म्हटलं फरक पैशांत येतो, रुपयांत नाही. त्यांनी वही मागून घेतली आणि स्वतः गणित केलं, मग काही बोलले नाहीत. निर्देशांक उतरला तर मजुरी आहे तिथेच. फरक पुढच्या वेळी कापून घ्यायचा नाही, हेही मावशींनी वेगळं लिहायला लावलं. मला सुचलं नसतं.

किलोच्या कामाला दोन दर झाले. लॉट उघडला की त्यातली एक किलो बी टेबलावर ओतून सगळ्यांसमोर मोजायची. एकशे चाळीसपर्यंत मोठी बी, त्याच्या वर बारीक. बारीकचा दर किती जास्त, त्यावर मात्र जुन्यासारखी बैठक झाली, चहा दोनदा झाला. त्यांनी दीडपट मागितली, मी सव्वापट म्हटलं, एक पूर्णांक एक तृतीयांशला मिटलं. हे दोन्ही दर पुढे त्याच टक्क्याने वाढणार. सोलणीला लॉट फोडणीला होता तोच धरायचा, परत मोजायचं नाही.

खोबरेल सूत्रात बसत नाही. ते कारखान्याकडेच राहील, भाव काहीही होवो, आणि माप लावायचं नाही.

गराचा भाव पडला तर काय, त्याचं उत्तर मला इथे मिळालं नाही आणि टेबलावरही नाही. मी एवढंच लिहून घेतलं की त्या वर्षी काम कमी झालं तर दिवस वाटून घ्यायचे, दर तोडायचा नाही. मूळ आकड्याची बैठक २०३१ च्या शिमग्यानंतर. लाल शाई काकांनी तेव्हा १९५७ चं ते माप घेऊन यावं, जेवायला या, सोलकढी आहे.

आता शेवटचं काम. वकिलाने जो नमुना दिला आहे तो इंग्रजीत आहे, सात पानी, आणि त्यात काजू शब्द कुठेही नाही. कुणाकडे असल्या कराराचा साधा मराठी मसुदा असेल, एक-दोन पानांचा, तर इथे टाका. सह्या सोमवारी घ्यायच्या आहेत.